वर्षाला ३८४ पानं आणि घरात एकच टेबल

पत्र थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावातून एका मैत्रिणीने लिहिलंय. वय ३३, पतपेढीत नोकरी. तीन वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या आतेभावाने मिळून मुलांसाठी मराठी कॉमिक्स काढायला सुरुवात केली. गोष्टी ती लिहिते, चित्रं तो काढतो, तो शाळेत ड्रॉइंगचा शिक्षक आहे. देवचार, गिऱ्हा ही कोकणातली भुतंखेतं, खाडीतली सुसर, असल्या आपल्याकडच्या गोष्टी. ३२ पानांचा रंगीत अंक, किंमत ८० रुपये, दर महिन्याला एक असं जाहीर केलेलं, प्रत्यक्षात तीन वर्षांत १९ निघाले. ३४० वाचक घरपोच मागवतात, त्यातल्या २१० जणांनी वर्षाची वर्गणी आधीच भरलीय. पॅकिंग, पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवरची उत्तरं, सगळं तीच बघते, सासूबाई हाताखाली. भाऊ तारखा पाळत नाही, वाचक "अंक कुठाय" विचारतात, आणि ही रात्री साडेअकराला सॉरी टाइप करत बसते. तिचा प्रश्न: ताई, घरपोच ऑर्डरी बंद करून सगळं ४५ टक्के मागणाऱ्या वितरकाला देऊन टाकू का, नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरू का, की भावाला सरळ सांगून दुसरा चित्रकार बघू?

अगं, तुझं पत्र वाचलं आणि पहिलं काय केलं तर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडला. तू ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते हां, राग मानू नकोस.

तर महिन्याला ३२ पानं म्हणजे वर्षाला ३८४. वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे शाळा, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्युटी, घरचं, दारचं सगळं सांभाळून तुझ्या भावाने रोज एक पान आणि वर थोडं, असं काढायचं, त्यात गणपतीला सुट्टी नाही, शिमग्याला नाही, ताप आला तरी नाही. आणि कॉमिक्सचं पान म्हणजे नुसतं चित्र नसतं, आधी पेन्सिल, मग शाई, मग रंग, मग फुग्यांतली अक्षरं. अमेरिकेत महिन्याला निघणारी कॉमिक्स असतात ना, ती साधारण वीस-बावीस पानांची असतात आणि ही चार कामं बहुतेक वेळा चार वेगळी माणसं करतात. जपानात साप्ताहिकांसाठी काढणारे चित्रकार हाताखाली असिस्टंट ठेवतात. तुझ्याकडे एक ड्रॉइंगचे मास्तर, तेही पाचनंतर मोकळे होणारे.

आता दुसरा हिशेब बघ. १९ अंक गुणिले ३२, झाली ६०८ पानं. म्हणजे वर्षाला दोनशे, जवळजवळ दर दोन दिवसांना एक पान, आणि तेही तीन वर्षं न थांबता. याला तू तारखा न पाळणं म्हणतेस? बाई गं, मी याला कामसू माणूस म्हणते. त्याचा वेग ठरलेला आहे, तो तीन वर्षांत बदलला नाही, तूच दर महिन्याला त्याच्यासमोर दुप्पट वेगाची तारीख ठेवतेस आणि मग ती चुकली की दोघंही तोंड पाडून बसता.

म्हणून मी तुझा प्रश्नच जरा उलटा करते. तुला वाटतंय की ऑर्डरींनी तुझा जीव घेतलाय. मला वाटतं ऑर्डरी बिचाऱ्या ठीक आहेत, घोळ त्या "दर महिन्याला" या दोन शब्दांत आहे. ते कुणी मागितले होते गं? तुझ्या ३४० वाचकांपैकी एकानेही सांगितलं नसणार की मासिक असेल तरच घेईन. आपल्याकडे छापील अंक म्हटला की मासिक नाहीतर दिवाळी अंक, एवढंच डोक्यात येतं, बास.

तुझ्याकडून पिंगुळी काही लांब नाही. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी बघितलीच असशील, परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो होते. त्यांची पोथी म्हणजे काय, सुट्ट्या चित्रांचा गठ्ठा, एका गोष्टीची एक पोथी, एकेक चित्र पुढे धरत गात गात सांगत जायचं. गोष्ट संपली की पोथी संपली, चित्रं किती हे गोष्ट ठरवते. तुझ्या बत्तीस पानांत गिऱ्हाची गोष्ट मावत नाही म्हणून "क्रमशः" टाकावं लागतं असं तू लिहिलंयस, आणि तेच क्रमशः वाचून पोरं हट्ट करतात, मग त्यांच्या आया तुला रात्री मेसेज करतात. बघ कुठून कुठे आलं.

माझं म्हणणं, मासिक बंद कर. कॉमिक्स नाही, मासिक. वर्षाला तीन पुस्तकं काढा, ६४ पानांची, प्रत्येकात एक अख्खी गोष्ट. तीन चौसष्टं १९२, म्हणजे तुझा भाऊ आत्ता जेवढं काढतोय त्यापेक्षा थोडं कमीच, त्याला मान वर करायला जागा राहील. आणि तारखा कोकणच्या कॅलेंडरने ठरव. एक पुस्तक मे महिन्यात, पोरं सुट्टीला गावी आलेली असतात आणि आंबे खाऊन झाले की दुपारी काय करायचं हा प्रश्न असतोच. दुसरं गणपतीच्या आधी पंधरा दिवस, चाकरमानी येतात आणि जाताना पिशवीत घालून नेतात, ती प्रत तुला पोस्टात टाकावीच लागत नाही. तिसरं दिवाळीत काढू नको हां, मुद्दाम सांगते. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीआधी सगळे छापखाने तुडुंब, त्यात तुझं पाचशे प्रतींचं काम कायम "उद्या मशीनवर घेतो ताई" मध्ये राहणार. तुळशीचं लग्न होऊ दे, जत्रा सुरू होऊ देत, दशावतार बघायला आलेली पोरं ही तुझी खरी गिऱ्हाइकं, तिथे एका सतरंजीवर पुस्तकं मांडून बस, आंगणेवाडीच्या जत्रेपर्यंत सीझन आहे.

यात एक टपालाचा फायदाही आहे. पोस्टाची ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे, १ मे २०२५ पासून सुरू झाली, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, टॅक्स वेगळा, ट्रॅकिंगसकट. जाते सावकाश, पण जाते. मात्र नियतकालिकं त्यात बसत नाहीत, म्हणजे तुझा "मासिक अंक" बाद. पुस्तक असेल, त्यावर प्रकाशकाचं नाव छापलेलं असेल, तर एक प्रत घेऊन पोस्टमास्तरांकडे जा, लोककथांचं पुस्तक आहे म्हणून सांग आणि या दराने घेतील का ते आधीच विचारून ठेव, शंभर पाकिटं घेऊन काउंटरवर उभी राहिल्यावर नको. तू अजून "रजिस्टर पोस्ट" लिहिलंयस, ते आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे ज्यांना घाई आहे त्यांच्याकडून स्पीड पोस्टचे पैसे वेगळे घे आणि बाकी ज्ञान पोस्टने. शिवाय नियतकालिक म्हटलं की २०२३ च्या नवीन कायद्याप्रमाणे शीर्षकाची नोंदणी वगैरे मागे लागते, पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलास की झालं, तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो.

आणि हो, कागद ठरवायच्या आधी घरातला वजनकाटा काढ, भाजीचा चालेल. साधारण ए-फोर आकार धरला तर ९० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला ९० ग्रॅम भरणाऱ्या कागदाची) ६४ पानं १८० ग्रॅम, वर २५० जीएसएमचं कव्हर तीसेक ग्रॅम, म्हणजे पाकीट, प्लॅस्टिक, पुठ्ठा धरून तू तीनशेच्या आत राहतेस. प्रेसवाल्याने "ताई १३० चा आर्ट पेपर घ्या, भारी दिसतो" म्हटलं आणि तू भुललीस की गेलीस तीनशेच्या वर, मग प्रत्येक पाकिटामागे जास्त पैसे, वर्षभर.

आता तुझे तीन पर्याय, कारण ते तू विचारलेस आणि मी आपली स्वतःचंच सांगत सुटले.

नोकरी सोडू नको. एवढंच. आत्ता तुझा वेळ लिहिण्यात जात नाहीये, पॅकिंगमध्ये जातोय, पगार सोडून घरी बसशील ती पाकिटं चिकटवायला, आणि ते काम कॉलेजची एखादी मुलगी पाकिटामागे पाच रुपयांत करेल. मी हिशेब घातला, एका पाकिटाला चार मिनिटं धरली तरी ३४० पाकिटांना २२-२३ तास. मुलीला द्यायचे १७०० रुपये, वर्षातून तीनदा. सासूबाई करतात ते प्रेमाने करतात, पण त्यांचं ते वाक्य तू लिहिलंयस ना, "गो, ह्यां घर आसा का पोस्ट?", ते वाचून मी हसले आणि मग हसू गेलंच. फुकट मिळणारी मदत कुणाच्यातरी कंबरेतून येते.

वितरक. तुझेच आकडे घेते. ८० ची प्रत, ४५ टक्के म्हणजे ३६ त्याचे, तुझ्याकडे ४४. छपाईला ३४ जातात असं तू लिहिलंस. राहिले १०, त्यात भावाचं मानधन, तुझं मानधन, प्रेसचं भाडं-हमाली. थेट ऑर्डरीत टपाल गिऱ्हाईक वेगळं देतं, तुझा पॅकिंगचा खर्च पाच रुपये, राहिले ४१. म्हणजे वितरकाकडच्या चार प्रती आणि तुझ्या हातची एक प्रत जवळजवळ सारखं. वितरक वाईट असतो असं नाही, त्यालाही दुकानदाराला द्यायचं असतं, न खपलेलं परत घ्यायचं असतं. जुने १९ अंक जे माळ्यावर पडलेत त्यांचे पाच-पाचचे गठ्ठे करून त्याला खुशाल दे. पण नवीन सगळंच त्याच्याकडे दिलंस तर ती ३४० नावंही हळूहळू जातील, आणि कोल्हापूर-पुण्याच्या दुकानात कुणी तुझं पुस्तक घेतलं हे तुला कधीच कळणार नाही. आत्ता देवगडचा कुठला मुलगा सुसरीच्या गोष्टीवर पत्र लिहितो हे तुला माहीत आहे.

दुसरा चित्रकार आणलास तर सहा महिन्यांनी त्याच्याबद्दलही हेच पत्र येईल, कारण ३८४ पानं तीच. त्यापेक्षा काम वाटा. अक्षरं तू टाइप कर, फुग्यातला मजकूर तसाही तूच लिहितेस, मग तो त्याने हाताने का लिहायचा? तेवढ्यानेही त्याच्या संध्याकाळी मोकळ्या होतील. रंगांसाठी चित्रकला शिकणारं कुणीतरी बघा, आमच्याकडे चिपळूणजवळ सावर्ड्याला चित्रकलेचं कॉलेज आहे, तिथली मुलं हाताची चांगली असतात, फक्त "अनुभव मिळेल" म्हणून फुकट राबवू नका, पानाचा दर ठरवा आणि पान आलं की पैसे द्या. किंवा एक पुस्तक सरळ काळं-पांढरं करून बघा. गिऱ्हा रात्रीच येतो, त्याला रंग कशाला हवेत.

पण पत्रातली एक गोष्ट तू इतकी सहज लिहून गेलीस की मी ती दोनदा वाचली. रविवारी भाऊ स्कॅनिंग करायला आला, टेबलावर पाकिटं पसरलेली होती, डिंक ओला होता, कागद उडतील म्हणून पंखा बंद, लाईट पण डीम, तो चहा घेऊन अर्ध्या तासात परत गेला. आणि मग बुधवारी तू त्याला मेसेज केलास की पानं कधी देतोस. अगं, घरात टेबल एकच आहे! जुन्या अंकाची पार्सलं नवीन अंक खातायत, उशीर झाला की ओरड, ओरड झाली की तू आणखी घाईने पार्सलं करतेस, आणि टेबल पुन्हा भरतं. रविवारी ते टेबल त्याचं. त्या दिवशी सेलोटेपचा रोल पण दिसता कामा नये. पॅकिंग ओटीवर, पावसाळ्यात झड आत येते तेव्हा माजघरात चटई टाकून, पण टेबलावर नाही.

आणि रोज पोस्टात जायचं बंद कर. तुला असं वाटतं की ऑर्डर आली की ती दारात आलेल्या पाहुण्यासारखी, लगेच पाणी विचारलं पाहिजे. तिला दोन दिवस बसू दे, काही होत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोन खेपा. महिन्याच्या सुरुवातीला काउंटरला पेन्शन आणि आरडीवाल्यांची गर्दी असते तेव्हा सकाळची वेळ सोडून जा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला ऑटो मेसेज लागतो, त्यात लिहून टाक: "ऑर्डर मिळाली, मंगळवारी किंवा शुक्रवारी निघेल, निघाल्यावर नंबर पाठवते." साडेअकराची उत्तरं तो देईल, तू झोप.

ऑर्डरी येतात चार ठिकाणी, तुझा व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, मिस्टरांचा फोन आणि शाळेत भावाच्या हातात दिलेल्या चिठ्ठ्या. कुठूनही येऊ देत, लिहायची एकाच वहीत, लांबड्या हिशेबाच्या वहीत, आणि तीन गोष्टी जमल्याशिवाय ती ऑर्डर धरायची नाही: पैसे खात्यात आलेले (स्क्रीनशॉट नव्हे, खात्यात), पूर्ण पत्ता, आणि पिनकोड. पिनकोड नसेल तर परत विचार, लाजू नको. १९७२ च्या १५ ऑगस्टला ते सहा आकडे सुरू झाले ते वेलणकर नावाच्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच माणसाच्या डोक्यातून, आणि ते संस्कृतमधले कवी होते, मला हे फार आवडतं. पत्ता बॉलपेनने लिही किंवा प्रिंट काढून वरून पारदर्शक टेप लाव. जेल पेन अजिबात नको. जुलैत एक थेंब पडला की "कणकवली"चं निळं डबकं होतं, मी बघितलंय.

आता सगळ्यात अवघड काम, ते २१० वर्गणीदार. त्यांना तू बारा अंक कबूल केलेस. लपू नको, सगळ्यांना एकच मेसेज कर, आणि त्यात सॉरी एकदाच लिही. साधारण असं: "दर महिन्याला ३२ पानं आम्हाला जमत नाहीत, तीन वर्षं प्रयत्न केला. आता वर्षाला तीन पुस्तकं निघतील, ६४ पानांची, पूर्ण गोष्टीची. तुमचे जेवढे अंक बाकी आहेत त्यातल्या दर दोन अंकांना एक पुस्तक मिळेल. पैसे परत हवे असतील तर या तारखेपर्यंत कळवा." आणि जे मागतील त्यांना खरंच त्याच आठवड्यात परत दे. त्यासाठी आधी बघ की वर्गणीचे पैसे आहेत का, की पुढच्या छपाईत गेले. गेले असतील तर यापुढे वर्षाची वर्गणीच घेऊ नको, पुस्तक छापून आलं की त्या पुस्तकाचे पैसे घे. आणि नवीन पुस्तकाची तारीख वाचकांना कधी सांगायची, तर गठ्ठे हायवेच्या नाक्यावर उतरून, रिक्षातून घरी येऊन, सुतळी कापून आतली एक प्रत उघडून बघितल्यावर. त्याआधी नाही. घाटात दरड आली, प्रेसची प्लेट चुकली, पान १७ आणि १८ उलटं लागलं, हे सगळं तुझ्यात आणि प्रेसमध्ये राहू दे.

तुला भीती वाटते की लोक चिडतील. मी तुला माझं सांगते. आम्ही दोघं नवरा-बायको मुलांचं एक छोटं त्रैमासिक काढायचो, इथेच चिपळूणला. २०२१ च्या २२ जुलैला पाणी घरात आलं तेव्हा दोनशे प्रती खालच्या फळीवर होत्या, नुकत्या आलेल्या, पत्ते चिकटवून तयार. चिखल उपसून झाल्यावर मी चार दिवस वर्गणीदारांना कळवलंच नाही, लाज वाटत होती, जणू पूर मीच आणला. शेवटी यांनी मेसेज टाकला, अंक वाहून गेला, पुढचा देऊ. एकानेही पैसे मागितले नाहीत, उलट तिघांनी विचारलं की तुमच्याकडे पिण्याचं पाणी आहे का. त्याआधी तीन-चार वेळा आम्ही नुसते उशीर करून गप्प बसलो होतो, तेव्हा मात्र लोकांनी शिव्या घातल्या होत्या, आणि बरोबर घातल्या होत्या. (गठ्ठे जमिनीपासून दोन हात वर ठेव गं, पूर नाही आला तरी ओल येते, आणि ओलीमागून कसर.)

भावाशी बोलताना ती ६०८ पानं आधी सांग. तारखेचं नंतर. त्याने स्वतः कधी मोजली नसतील.

आणि देवचाराचं पुस्तक आलं की माझ्या नातवासाठी एक प्रत वहीत लिहून ठेव. पैसे आधी पाठवते. शुक्रवारी टाकलीस तरी चालेल.